हसुरामची नोंद

चांगुणाने होडीवरून नळी पाण्यात सोडली. समुद्राची मोजदाद आता किनाऱ्यावरच्या बायकाच करत. पाण्यात उतरलेला जीव कातडीचे कण सोडतोच. नळी ते ओळखून नावं वाचायची, आणि संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावर ती यादी सगळ्या गावांना ऐकवली जायची. शेजारच्या खाडीची मोजणारी तापाने पडली, म्हणून आज चांगुणा त्या खाडीत आली होती. वल्ह्यावर सासू होती.

"मांदेली. कोळंबी. सांडपाणी," नळी वाचत गेली. "हसुराम."

चांगुणाच्या हातातून नळीचा दोर सरकला. नऊ वर्षांपूर्वी वादळात नवरा बुडाला, तेव्हा तिने त्याच्या कंगव्यातले केस नळीत नोंदवले होते. बुडालेल्यांच्या घरचे तसं करतातच. निदान हाड तरी हाती लागावं म्हणून.

"आला गो माझा लेक," सासूने टाहो फोडला. "हाड का होईना, आला."

"सांडपाण्यातून ताजी कातडी, साबणासकट," नळी पुढे म्हणाली. "आज सकाळचीच आंघोळ. सोबत एक मूल, त्याच्याच रक्ताचं."

सासूने डोळे पुसले. नऊ नारळी पुनवा चांगुणा मागे उभी राहिली होती, कारण विधवेचा हात नारळाला लागलेला सासूला चालत नसे.

"पुसून टाक ते," सासू हळूच म्हणाली. "गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"कोणाला?" चांगुणाने विचारलं, आणि यादी भोंग्याकडे पाठवून दिली.