वीतभर डावीकडे

चेंडू पुन्हा तळ्यात गेला. उपअभियंता व्यंकटराव काठी खांद्यावर टाकून तो बुडाला त्या जागेकडे बघत राहिले. औंढ्याजवळच्या त्या तलावात यंदा पाणी कमी आणि गोल्फचे चेंडू जास्त, अशी परिस्थिती होती. विश्रामगृहाचा चौकीदार पुंजाजी धोतर वर खोचून मुकाट्यानं पाण्यात उतरला.

हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती आणि व्यंकटरावांना या तलावावर येऊन चार. बायको सरला आणि मुलगी रेवती पुण्यात. दर रविवारी ते औंढ्याच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करत. मागच्या खेपेला रेवतीनं उचलला. "बाबा बोलतोय," ते म्हणाले. "कोणाचे बाबा?" तिनं अगदी आदरानं विचारलं. पुण्याच्या बदलीचे व्यंकटरावांचे तीन अर्ज मुख्यालयात निवांत झोपले होते.

मुख्यालयातले मोठे साहेब मात्र जागे होते. त्यांना गोल्फचं वेड लागलं होतं. दौरा कशाचाही असो, गाडीच्या डिकीत काठ्या असत आणि हाताखालच्या माणसाला खेळावं लागे. खात्यातल्या जुन्या खोडांनी सूत्र शोधून काढलं होतं: जो साहेबांकडून हरेल, त्याचं भलं होईल. फेब्रुवारीत साहेब हा तलाव तपासायला येणार होते. म्हणजे धरणाच्या भिंतीची चिंता कुणालाच नव्हती.

व्यंकटरावांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन काठ्या आणि एक इंग्रजी पुस्तक आणलं. विश्रामगृहामागच्या माळावर पुंजाजीकडून तीन खड्डे खणून घेतले, त्यांत लाल झेंडे रोवले. पुस्तकात पकड, खांदे, कंबर, गुडघे, सगळ्यांना वेगवेगळ्या सूचना होत्या. त्या सगळ्या पाळल्या की चेंडू तळ्यात जाई.

दिवाळीपासून हा तमाशा बघणारा पुंजाजी एके दिवशी बोललाच. तरुणपणी जोंधळ्याच्या माळ्यावर उभं राहून त्यानं गोफणीनं पाखरं हाकलली होती, इंग्रजी पुस्तक वाचलेलं नव्हतं.

"साहेब, तडाखा बसायच्या आधीच तुमी मान वर करून पाहून राहिले, चेंडू कुठं गेला म्हून. आन् ध्यान सगळं झेंड्यावर. झेंडा काय पळून चाललाय? चेंडूच्या हातभर पुढं, झेंड्याच्या रेघंत एक ढेकूळ धरा. त्याच्यावरून गेला की जातो बराबर."

व्यंकटरावांनी ढेकूळ धरलं, मान खाली ठेवली. चेंडू सुतासारखा सरळ गेला. महिनाभरात ते खड्ड्यापासून वीतभर डावीकडे, म्हटलं की वीतभर डावीकडेच, चेंडू थांबवू लागले. पुंजाजी चक्रावला.

"खड्डा सोडून बाजूला काहून मारून राहिले, साहेब?"

"पुंजाजी, मला हरायचंय."

"आता घ्या! हारायला तर तुमाला दिवाळीतबी येत व्हतं."

"तसं नाही. उगाच हरलं की साहेबांना कळतं. थोडक्यात हरायचं. जीव तोडून खेळलो आणि वीतभरानं हुकलो, असं दिसलं पाहिजे."

पुंजाजीनं कपाळाला हात लावला. शिकलेल्या माणसाचं सगळंच अवघड.

साहेब आले. भिंतीकडे पाठ करून त्यांनी थेट माळ गाठला. साहेबांचा खेळ पाहून व्यंकटरावांना घाम फुटला, कारण असल्या माणसाकडून थोडक्यात हरणं जिंकण्यापेक्षा शंभरपट कठीण होतं. साहेबांचा पहिला चेंडू बाभळीत, दुसरा विश्रामगृहाच्या पत्र्यावर. व्यंकटराव त्यांच्या जरासेच मागे राहत, मग एकदम पुढे जात, पुन्हा अडखळत. तिसऱ्या खड्ड्यापाशी दोघं बरोबरीत आले. साहेबांचा चेंडू कसाबसा, दोन खडे चाटत, खड्ड्यात पडला. व्यंकटरावांनी ढेकूळ धरलं. रेवतीचा आवाज आठवला. मान खाली ठेवून त्यांनी काठी फिरवली. चेंडू खड्ड्याच्या वीतभर डावीकडे थांबला. त्यांनी डोकं धरलं आणि "अरेरे!" म्हणाले. तेही त्यांनी आरशासमोर घोटून ठेवलं होतं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी व्यंकटरावांना चक्क मिठी मारली आणि हाताला धरून विश्रामगृहाच्या खोलीत नेलं.

"व्यंकटराव, सहा वर्षं खेळतोय मी. मुख्यालयात सगळे मला मुद्दाम जिंकू देतात. मला काय कळत नाही? लाचार लेकाचे! आज पहिल्यांदा मी कुणाला तरी खरंखुरं हरवलं. शेवटपर्यंत झुंजलात तुम्ही."

त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. व्यंकटरावांनी वरची ओळ वाचली. पुण्याच्या बदलीचा आदेश होता. खाली सही होती, शिक्का होता, तारीख परवाची होती.

"तुम्हाला द्यायलाच आणला होता," साहेब म्हणाले. "मुलगी लहान आहे, असं अर्जात वाचलं. पण आता तुम्हाला सोडून मी खेळू कुणाशी? दर महिन्याला येतो इकडे."

त्यांनी कागद चुरगळून त्याचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे न बघताच भिरकावला.

तो बरोबर मधोमध पडला.