चार हात दोर

पट्टा अंगावर चढला तसं पिल्लू जिथल्या तिथं बसलं. मग आडवं झालं. मग डोळे मिटून असं पडलं की आता या घराशी आपलं काही देणंघेणं नाही.

"सोंग देखा यानं," झुंबरबाई पुटपुटली.

पट्टा तिनं स्वतः शिवला होता, खाटेच्या जुन्या नवारीचा. गळ्याला तो कुठं लागत नव्हता. छातीवरून जायचा, पुढच्या पायांमागून वळून पाठीवर यायचा, आणि दोर बांधायची कडी तिथं पाठीवर. असा पट्टा तिनं दोंडाईच्याच्या स्टेशनावर एका साहेबाच्या कुत्र्याच्या अंगात पाहिला होता. गल्लीतल्या बाया हसल्या. कुत्र्याला झंपर शिवतेस का गं, म्हणाल्या. हसू देत.

पिल्लू आणलं होतं नवऱ्यानं, लोटननं. बहिणीच्या गावाहून, न विचारता. तिनं त्याला तेव्हाच बजावलं होतं, माझ्या दारात कुत्रं गळ्यानं बांधायचं नाही. हा पट्टा घालून चार पावलं चाललं तर राहील, नाही तर बाजाराच्या दिवशी जिथून आणलं तिथं परत. बाजार उद्यावर आला होता. आणि खरं सांगायचं तर ते राहावं म्हणून तिचाच जीव तुटत होता.

पहिल्या दिवशी तिनं पट्टा नुसता त्याच्या पोत्यावर ठेवला. पिल्लानं हुंगला, चावला, त्यावरच झोपलं. दुसऱ्या दिवशी पाठीवर टाकायचा, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीचा तुकडा द्यायचा, काढून घ्यायचा. असं किती वेळा केलं कोण जाणे. आज पट्टा अंगात घालून बांधला, तर हे असं. त्याला निपचित पडलेलं बघून ती खाली वाकली. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. धडधड चालू होती.

समोर घराची भिंत, वर धाबं, मातीचं सपाट छत. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, दोन वर्षं झाली त्याला, धाब्यावर ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, वाळत घातले होते आणि कावळ्यांवर राखण म्हणून आधीच्या कुत्र्याला, भुऱ्याला, वर बांधला होता. गळ्यानं. तिनंच बांधला. चार हात दोर मोकळा सोडला, उरलेला गुंडाळून खुंट्याला अडकवला आणि पाण्याला गेली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज ऐकून भुऱ्यानं आनंदानं खाली उडी घेतली. दोर जमिनीपर्यंत पुरला नाही. ती धावत पोचली तेव्हा भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर नखांचे ओरखडे होते, आणि कुत्रं हलत नव्हतं.

लोक म्हणाले, बाई, दोर लांब ठेवलास. लोटन काही म्हणाला नाही. त्यानं दोर कापला आणि कुत्र्याबरोबरच पुरून टाकला. तेव्हापासून ती भिंत तो स्वतः सारवायचा. सारवणं बायकांचं काम. गावानं टिंगल केली, त्यानं मनावर घेतली नाही. ऊन लागून पोपडा सुटला की ओरखडे पुन्हा दिसायला लागत, आणि हा पुन्हा शेणमाती कालवायला बसे. आपल्याला बघावं लागू नये म्हणून करतो बिचारा, असं तिला वाटे, आणि मेल्याहून मेल्यासारखं होई. बिबडे तिनं पुन्हा घातले नाहीत. भर दुपारी घरात एकटी असली की भिंतीवरून नखं ओढल्याचा आवाज येई. ती उठून बाहेर जाई. तिथं कोणी नसे.

आत्ताही लोटन भिंतीपाशी उकिडवा बसून शेणमाती कालवत होता.

झुंबरबाईनं दोर घेतला, कोपरापासून बोटांपर्यंत लावून मोजला. चार हात. कडीला गाठ मारली. पुन्हा मोजला. मग पुन्हा.

"तवयबी मी चारच हात मोजा व्हता," ती पिल्लाला म्हणाली. "चार हातमा धाबाना काठ येस नही. मंग तो काठवर गया कसा?"

हे तिनं दोन वर्षांत चुलीला विचारलं होतं, विहिरीला विचारलं होतं. लोटनला कधी विचारलं नव्हतं.

कालवणारा हात थांबला.

"तू चारच बांधा व्हता," तो मातीकडे बघत म्हणाला. "मी वावरमाईन उनू, तो उन्हमा हाफत व्हता. निमनी सावली काठले व्हती. बठ्ठा दोर मी सोडी दिधा."

कुत्रं सावलीला पोचावं म्हणून गुंडाळलेला सगळा दोर सोडला, आणि बैलं घेऊन पुन्हा शेतात गेला. तेवढंच. आणि मग दोन वर्षं गप्प बसला.

तिला रडू आलं नाही. आधी राग आला. त्या रागाखाली छाती हलकी झाली, आणि त्याची तिला लाज वाटली.

दोर तिच्या हातात सैल पडला होता. पिल्लानं एक डोळा उघडला. आपल्याकडे कोणी बघतच नाही म्हटल्यावर सोंगात राम उरला नाही. ते उठलं, अंग झटकलं आणि पट्टा विसरून चालायला लागलं. चार पावलं, सहा, दहा. ती दोर धरून मागोमाग गेली. पिल्लू थेट भिंतीपाशी थांबलं. पोपडा सुटला होता तिथं नाक लावून हुंगत राहिलं. मग मान वर करून धाब्याच्या काठाकडे बघत शेपूट हलवायला लागलं.

दोघांनीही वर पाहिलं. वर कोणी नव्हतं.

लोटननं घाईघाईनं शेणमातीचा गोळा उचलला. झुंबरबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या ती भिंत," ती म्हणाली. "आते तुम्हीबी देखा रोज."