दुभाजकावरची सभा

“या वेळी जाकिटं घालायची नाहीत,” टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दंतवैद्य बाईंच्या हातातलं नारिंगी जाकीट सरळ काढूनच घेतलं.

नागरिक सल्लागार समिती चौकातल्या फुटपाथवर दाटीवाटीने उभी होती. शहरात पायी चालणाऱ्यांना आणि बसने जाणाऱ्यांना काय अडतं ते पाहायचं आणि महापालिकेला सांगायचं, एवढंच या समितीचं काम. ऐकायचं की नाही हे महापालिकेच्या मर्जीवर, आणि ती मर्जी बहुधा नसायचीच.

गेल्या महिन्यात याच चौकाची पाहणी झाली होती. अंगात चकचकीत जाकिटं, हातात ‘पाहणी चालू आहे’ असा फलक. समिती रस्त्यात उतरली आणि गाड्या अदबीने थांबल्या, त्यांचा दिवा हिरवा झाल्यावरही थांबूनच राहिल्या. सभासदांनी रमतगमत रस्ता ओलांडला आणि एकमुखाने कळवून टाकलं की इथे पादचाऱ्यांना वेळ पुरेसा आहे. गाड्या सिग्नलला नव्हे, जाकिटांना थांबल्या, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. टेलरबाईंच्याही नाही. नंतर चूक उमगल्यावर वेळ वाढवून मागायला त्या वाहतूक विभागात गेल्या, तेव्हा तिथले साहेब हसून म्हणाले, “बाई, पुरेसा आहे म्हणून तुम्हीच तर कळवलंत!” आपलेच दात आपल्याच घशात.

टेलरबाईंचा जीव अडकला होता तो ताईमध्ये. ताई म्हणजे थोरली बहीण. मोडलेला पाय सांधला, काठीवर चालायलाही लागली. पण एकदा याच रस्त्यात अर्ध्यावर दिवा लाल झाला, चहूकडून हॉर्न कोकलले, आणि ती जी माघारी आली ती पुन्हा फाटकाबाहेर पडलीच नाही. बसथांबा रस्त्यापलीकडे. मैत्रिणी बसच्या शेवटच्या थांब्यावर. एकेकाळी बोलून बोलून कंडक्टरचं डोकं उठवणारी ताई आता खिडकीशी बसून मुकाट्याने काजं करायची. हे पाहून टेलरबाईंना रडू यायचं. आज ताई खाली उतरली होती, पण अट घालून. “आज नाही जमलं तर पुन्हा मला बाहेर चल म्हणायचं नाही.”

साहेबही आले होते. अध्यक्षांनी त्यांना रीतसर बोलावलं होतं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक; त्यांच्या सभेत शिंकायचं झालं तरी आधी परवानगी घ्यावीशी वाटे.

चालणाऱ्या माणसाचा हिरवा दिवा लागला.

“चल, ताई.”

ताई निघाली. काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. सगळी समिती तिच्या चालीने तिच्यामागे. साहेब सवयीने झपझप पुढे गेले, ओशाळले आणि परत मागे येऊन रांगेत चालू लागले. मधल्या दुभाजकापर्यंत पोचतात न पोचतात तोच दिवा लाल झाला. दोन्ही बाजूंनी गाड्या अशा सुटल्या की साहेबांनी पोट आत ओढून सिग्नलचा खांबच कवटाळला.

“नियमाप्रमाणे वेळ बरोबर आहे हो,” ते म्हणाले. पण आवाज पार खाली गेला होता.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. “मी म्हटलं होतं ना तुला. मला घरी ने.”

“नेते गं. पण नेऊ कशी? मागेही तेवढंच अंतर आहे.” टेलरबाईंचे डोळे भरून आले. इकडे आड, तिकडे विहीर. एवढ्या हट्टाने आपणच हिला इथे आणून उभी केली.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “गणसंख्या पूर्ण आहे. सभा इथेच सुरू झाली असं मी जाहीर करतो. ठराव मांडा.”

“इथे?” दंतवैद्य बाई.

“मग कुठे? समितीचा सध्याचा पत्ता हाच आहे.”

टेलरबाईंनी पदराने डोळे पुसले. “या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाढवावा. माझ्या ताईला पलीकडे पोचता येईल एवढा.”

“अनुमोदन,” दंतवैद्य बाई हॉर्नच्या वर आवाज काढून ओरडल्या.

“ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत.”

दुभाजकावर एकामागून एक हात वर झाले. समोरून बस येत होती. इतकी माणसं एकदम हात दाखवताहेत म्हटल्यावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. शेजारची मोटार थांबली. तिच्यामागे टेम्पो, मग दुचाक्या. बघता बघता सगळा रस्ता गप्प झाला.

साहेबांचाही हात वर होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच नियमाकडे काणाडोळा केला.

“ताई, जा,” टेलरबाई कुजबुजल्या.

ताईने समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. टेलरबाई तिला धरायला गेल्या, तर तिने दंड सोडवून घेतला. “तू हात वर ठेव. मी बघते माझं.”

ती रस्त्यात उतरली. काठी, दुखरा पाय, चांगला पाय. कुणीच हॉर्न वाजवला नाही. दंतवैद्य बाईंचा हात भरून आला आणि हळूहळू खाली यायला लागला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अहो, चाललंय काय तुमचं?”

अध्यक्षांनी मान वळवली नाही. त्यांची नजर ताईच्या पाठीवर होती.

“कुणीही हात खाली घेऊ नका,” ते म्हणाले. “मोजणी चालू आहे.”