काकांची होडी

थोआ काकीची होडी सात वर्षं वाळूवर, माडाच्या झावळ्यांखाली उभी होती. काका वारले त्या दिवशी काकीने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेले डोळे सुतकाच्या पांढऱ्या कापडाने बांधले होते. ते अजून तसेच होते.

होडी आता पुतण्याची, ख्वेची. तो तेलाचे दोन डबे घेऊन आला, एक पातळ, एक जाड.

"दोन कशाला? इंजिनाचं लग्न आहे का?" काकी म्हणाली.

"जुनं इंजिन, काकी. चुकीचं तेल पडलं तर भर समुद्रात दगा देईल. काका कुठलं घालायचे ते आतलं तेल बघून ठरवतो."

एरवी इंजिन दहा मिनिटं चालवून तापवतात आणि मगच जुनं तेल काढतात. हे मात्र गंजून जाम झालं होतं. थेंब पडायला संध्याकाळ होणार, असं धरूनच ख्वेने खालचा बोल्ट सैल केला.

तेल धारेने आलं, मधासारखं नितळ. त्याने सवयीने ते दोन बोटांत चोळायला घेतलं आणि झटकन हात मागे ओढला. बोटं चांगलीच पोळली होती.

काकी धारेकडे बघत राहिली. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"जाडच घाल," ती हळूच म्हणाली. "त्यांना जाडच लागतं."

ख्वे नाळेपाशी गेला आणि त्याने डोळ्यांवरच्या कापडाची गाठ सोडली. कापडातून ओंजळभर खारं पाणी भर दुपारच्या कोरड्या वाळूवर सांडलं, आणि त्यात एक बोटभर मासा उड्या मारू लागला.