रात्र कुठे काढली

तिसऱ्या ऑफिसातूनही हात हलवत बाहेर पडल्यावर शोभनाचा जीव मेटाकुटीला आला.

सकाळपासून ती राजाभाऊंना घेऊन निवाऱ्यासाठी पावसात हॅम्बर्गभर हिंडत होती. खोट्या पदव्या करून दिल्याची शिक्षा भोगून ते कालच सुटले होते. पहिलं ऑफिस म्हणालं, तुरुंग ज्या गावात होता तिथे जा. ते गाव फोनवर म्हणालं, माणूस हॅम्बर्गचा, तिथेच बघा. उघड्यावर पडलेल्याला छप्पर देणं शहराचं कर्तव्य आहे, हे सगळे गोड बोलून मान्य करत. देत कोणीच नव्हतं. तिसऱ्याने तर बजावलं, काल ओळखीच्यांकडे झोपले असतील तर ते ओब्दाखलोस, म्हणजे बेघर, धरले जाणार नाहीत.

आणि काल ते शोभनाच्याच घरी झोपले होते.

एके काळी तिचा नवरा दत्ता आणि राजाभाऊ एका खोलीत राहत. तरीही काल दत्ताने स्पष्ट सांगितलं होतं, एकच रात्र. अहो, थंडीत जातील कुठे, असं तिने म्हणून पाहिलं. दत्ता बधला नाही.

चौथ्या ऑफिसाच्या दाराशी राजाभाऊ म्हणाले, स्टेशनवर झोपलो असं सांगू. खोट्याला आपला हात बसलेलाच आहे.

शोभनाची बोटं गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली. चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम. दरवर्षीचा. कार्तिकी एकादशी चार दिवसांवर आलेली. नेमधर्म करणारी माणसं अडली की पळवाट काढतात, तशी तिनेही काढली.

"बोलायचं तुम्ही," ती हळूच म्हणाली. "मी नुसतं जर्मन करीन."

"म्हणजे पाप माझं आणि जर्मन तुमचं," राजाभाऊ हसले. "वहिनी, वकील व्हायला हवं होतं तुम्ही."

आत फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई होत्या. निवाऱ्यात एकच पलंग उरलाय, त्या म्हणाल्या. नाव विचारलं, गुन्हा विचारला, आजार विचारले. शोभना इकडचं तिकडे करत राहिली. राजाभाऊ शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून उत्तरं देत होते.

मग बाईंनी पेन उचललं. काल रात्री हे कुठे झोपले?

शोभनाने प्रश्न मराठीत सांगितला, खाली बघून.

तिची बोटं माळेवर घट्ट आवळलेली होती, तिकडे राजाभाऊंनी पाहिलं.

"तुमच्या सोफ्यावर, वहिनी," ते शांतपणे म्हणाले. "तेच सांगा त्यांना. माझ्यापायी नेम नका मोडू."

फ्राऊ लिंडनर वाट बघत होत्या.

शोभनाने माळ पदराआड सारली.

"स्टेशनवर," ती स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली. "बाकावर."