धाकटीची अट

“ही अट इथे कुठून आली?” मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

धाकटीने माउसवरचा हात काढून घेतला. देशाने हवेत सोडायचा कार्बन वर्षागणिक कसा कमी करत न्यायचा, कोणतं वीजकेंद्र केव्हा बंद करायचं, याचे मार्ग त्यांच्या कार्यालयातलं संगणकावरचं मॉडेल काढून देत असे. कोळशाची सगळी जुनी केंद्रं त्याने धडाधड बंद केली होती. एक सोडून.

“तिथल्या लोकांच्या नोकऱ्या आहेत, मॅडम.”

“मग बाकीच्या केंद्रांत काय भुतं काम करतात?”

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या खुर्ची ओढून शेजारीच बसल्या.

“हे एक चालू ठेवलंस की त्याचा कार्बन दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून कापला जातो. सोमवारी सरकारकडे अहवाल जातोय. अट ठेवायची तर कारण लिही, आणि त्याखाली तुझं नाव घाल.”

कारण काय लिहिणार, कपाळ? त्या केंद्रात तिचा दादा बॉयलरवर होता. आईवडील गेले तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून तो तिथे लागला. त्याच्या जिवावर धाकटी शिकली, आणि इतकी शिकली की आता त्याचीच भट्टी विझवायला बसली होती. दादा निवृत्त होईपर्यंत केंद्राला हात लावायचा नाही, एवढीच तिने मॉडेलला अट घातली होती.

रविवारी ती दादाकडे गेली. खिडक्या बंद असूनही घरात राखेचा बारीक थर होता. वहिनी तो पुसता पुसताच म्हणाली, “आलीस? ऐक आधी. पोरगी केंद्रात लागली! पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. तेही बापाच्याच विभागात!”

भाची नवंकोरं हेल्मेट घालून आरशापुढे उभी होती. “आत्या, कशी दिसते?”

“थेट बापाची छबी,” धाकटी म्हणाली. सगळे हसले. दादा तेवढा चहाचा कप उचलून मागच्या अंगणात निघून गेला.

धाकटी त्याच्या मागोमाग गेली. दोरीवर त्याचे कामावरचे कपडे वाळत होते. कितीही धुतले तरी करडेच राहणारे. तिने आवाज खाली आणला.

“दादा, आमचं गणित सांगतंय, तुमचं केंद्र लवकर बंद करायला हवं. पण तू काळजी करू नकोस. तुझी नोकरी पुरी होईपर्यंत मी ते थांबवून धरलंय.”

दादाने तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. “असं तुला करता येतं?”

“एका अटीचं काम. कुणी विचारलं तर बघून घेईन मी.”

“माझ्यासाठी केलंस?”

“मग आणखी कुणासाठी?” आता तो पाठीवर हात ठेवेल, असं तिला वाटलं. त्याने उरलेला चहा मातीत ओतून टाकला.

“पोरीला मला नको म्हणता येत नाही गं,” तो म्हणाला. “त्या भट्टीने तुला वाढवलं, हिला वाढवलं. तिथे जाऊ नकोस, असं कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं तरी ती थोडीच ऐकणार आहे! उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवेल. मग एक दिवस फाटकाला कुलूप. तेव्हा दुसरं काही शिकायचं वयही उरलेलं नसेल.”

“पण तुझी नोकरी, दादा?”

घरातून भाचीचा आवाज आला. ती मैत्रिणीला फोनवर पहिल्या पाळीची वेळ सांगत होती. दादाने एकदा दाराकडे पाहिलं आणि धाकटीचं मनगट घट्ट धरलं.

“तुझ्या हातात आहे ना? मग पोरगी रुजू व्हायच्या आत जाहीर कर, की ते बंद होतंय.”