हाडांचं वय

सत्तरी भरली की माणसानं कायमचं निरोपगृहात जायचं, असा कायदा होता. ज्यांच्या जन्माची कुठेच नोंद नव्हती, त्यांचं वय डॉक्टर दात आणि हाडं तपासून ठरवत. या डॉक्टरांपुढे कोणाचीच मात्रा चालत नसे. म्हातारी माणसं हातापाया पडत, लेकी-सुना ओक्साबोक्शी रडत. "मी तरी काय करू? हाडं खोटं बोलत नाहीत," एवढंच म्हणून ते पुढच्या माणसाला आत बोलवत.

आज समोरच्या खुर्चीत त्यांची स्वतःची आई बसली होती. आईच्या मनगटाचा एक्स-रे त्यांनी उजेडासमोर धरला आणि बराच वेळ नुसताच धरून ठेवला. मग म्हणाले, "पासष्ट. अजून पाच वर्षं आहेत, आई. चल, घरी सोडतो तुला."

आई जागची हलली नाही. तिनं लेकाचा हात हातात घेतला आणि त्यावरून हळूहळू आपला हात फिरवत राहिली.



"गेल्या महिन्यात मावशीची हाडं बघून तिची सत्तरी भरली म्हणालास," ती म्हणाली. "ती माझ्या पाठची होती रे."